शहाद्याच्या भंगारासाठी जळगावहून गाडी पाठवावी का?

शहादा आणि जळगावच्या लोखंडाच्या भावातला किलोमागे ४ रुपयांचा फरक बघून गाडी काढू नका, आधी भाडं मांडा. जाऊन-येऊन ३०० किमी, पिकअप १२ चा अ‍ॅव्हरेज देते असं धरलं तर २५ लिटर डिझेल, ९० च्या हिशेबाने २,२५०. ड्रायव्हर-हमाल, टायरची झीज धरून ४,००० च्या घरात. म्हणजे पहिलं १,००० किलो नुसतं खर्चात गेलं. पत्रा असेल तर विसराच. हौदा भरतो, काटा हलत नाही. बिडाचे (ओतीव लोखंडाचे) पंप, शाफ्ट असं जड भंगार हवं.

खरी कमाई पंपांच्या जळक्या मोटारींच्या तांब्यात आहे, आणि फसगतही तिथेच! वायंडिंगची तार कानशीने घासून बघा. वरून तांबूस आणि आत पांढरी निघाली की ती अ‍ॅल्युमिनियम. सबमर्सिबलच्या तारेवर प्लॅस्टिक असतं, त्याचं वजन आधीच वजा धरून भाव ठरवा. फोटोवर सौदा नको, तिथल्या कुणाला तरी कानस घेऊन पाठवा. वजनही धर्मकाट्यावरच, आधी रिकामी गाडी.

जाताना ठिबकच्या नळ्यांचं भाडं मिळालं तर १,००० किलोपेक्षा कमी मालातही परवडेल.