अनुभव धागा : बडोद्याभोवतालचं पाणी आणि आपली सायकल

सुरसागरवाली (धागा हिचाच)

थंडी पडली की रविवारी पहाटे आपल्या गावात हेल्मेटवाली मंडळी दिसायला लागतात. बहुतेकांची धाव हालोल रस्त्याने पावागडाच्या दिशेला. डोंगर दिसला की फोटो, परत आल्यावर सेव-उसळ, संपला रविवार. मला वाटतं, सायकलीसाठी या मुलखातली खरी मजा पाण्याकाठी आहे. ओरसंग, हेरण, ढाढर, मही, नर्मदा, मधूनमधून गायकवाडी तलाव आणि यातल्या बऱ्याच नद्यांना आडवा छेदत जाणारा नर्मदेचा मुख्य कालवा. चढ जवळपास नाहीतच. तरी लोक दमून, वैतागून परत येतात, ते कशाने, हे मला ऐकायचं आहे. सायकल केवढ्याची हे कृपया लिहू नका. वाट कुठली, पाणी कुठलं, नडलं काय, खाल्लं काय, तेवढं लिहा.

वाडीकर

मी वढवाण्याच्या तलावाचं लिहितो. डभोईपर्यंतच्या रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, कपुराई चौकडी मागे पडेपर्यंत नुसते ट्रक. डभोईत हिरा भागोळीपाशी चहा घ्यायचा. याच डभोईजवळ १७३१ साली बाजीराव आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे एकमेकांसमोर उभे राहिले आणि दाभाडे पडले. हे मी बरोबरच्या गुजराती मित्राला मोठ्या रंगात येऊन सांगितलं. तो म्हणाला, "एटले तमे लोको छेक अहीं सुधी अंदर-अंदर लडवा आवेला?" (म्हणजे तुम्ही लोक पार इथपर्यंत आपापसात लढायला आला होता?) मी निमूट चहा संपवला.

वढवाण्याचा तलाव सयाजीरावांच्या काळातला, शेतीला पाणी मिळावं म्हणून बांधलेला. ओरसंगेचं पाणी जोजव्याच्या बंधाऱ्यावरून पाटाने इथे येतं आणि इथून पंचवीसेक गावांच्या शेतात जातं. २०२१ मध्ये हा तलाव रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेला. तेव्हापासून कॅमेरेवाल्यांची गर्दी वाढली, पण तलावाचं मूळ काम अजून शेतीचंच आहे, आणि पक्षी कुठले दिसणार तेही त्या कामावरच ठरतं. डिसेंबरात तलाव भरलेला असतो, तेव्हा मध्यभागी बदकांचे थवेच्या थवे. काठाला वारकरी, म्हणजे काळे, पांढऱ्या कपाळाचे पाणपक्षी, ते मात्र कधीही मोजा. पुढे गव्हाला पाणी सुटत जातं, तलाव उतरतो, काठाचा चिखल उघडा पडतो आणि लांब चोचीचे, चिखलात टोचत फिरणारे पक्षी जमतात. म्हणून "कधी जावं" असं कोणी विचारलं तर मी उलट विचारतो, बदकं बघायचीत की चिखलातले?

पट्टकादंब हे तिथलं मुख्य आकर्षण. डोक्यावर दोन काळे पट्टे, हिमालय ओलांडून येतात. पहाटे थवा शेतांकडून तलावावर उतरतो तेव्हा त्यांचा आवाज आधी येतो, पक्षी नंतर दिसतात. सायकलचा फायदा असा की इंजिन नसल्याने तो आवाज आपल्याला लांबूनच ऐकू येतो. गाडीतून आलेले लोक दार आपटून खाली उतरतात तोवर निम्मे पक्षी दुसऱ्या टोकाला गेलेले असतात.

मांजलपूरची वहिनी

मी आणि माझी नणंद कालव्याच्या बाजूने फिरतो. दोघी साध्या गिअरच्या सायकलींवर, पंजाबी ड्रेसमध्ये. गावातून जाताना हमखास कोणीतरी विचारतं, "बेन, गाडी बगडी गई?" म्हणजे बायका सायकलवर दिसल्या की स्कूटर बंद पडली असणार हे ठरलेलं. पण हेच लोक लगेच खाट पुढे करतात, पाणी देतात आणि पुढच्या गावातल्या कोणाचं तरी घर सांगून ठेवतात. स्वच्छतागृहाचा प्रश्न आम्ही असाच सोडवतो. ज्या घरात बाई अंगणात दिसेल तिथे थांबायचं आणि सरळ विचारायचं. आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही.

कालव्याच्या पाळीवरचा रस्ता कुठे डांबरी, कुठे मुरमाचा. मध्येच फाटक येतं, कधी रखवालदार अडवतो. तो त्याचं काम करतोय, हुज्जत घालू नका, खालच्या गावरस्त्याला लागा.

संखेड्याच्या बाजूला हा कालवा ओरसंग नदीच्या वरून पुलासारखा जातो. हे मात्र आवर्जून बघा. खाली उन्हाळ्यात नदीचं रुंद पात्र, नुसती रेती, आणि वरून काठोकाठ पाणी चाललेलं. मुखाशी या कालव्याची क्षमता सेकंदाला ११३३ घनमीटर आहे, आणि गुजरातेत ४५८ किलोमीटर जाऊन तो राजस्थानात शिरतो. नणंद म्हणाली, नदीला तहान लागली तर ती वर बघत असेल. (ती मराठी शिकवते, तिला माफ करा.)

सूचना एकच, पण गंभीर. हात-पाय धुवायलासुद्धा कालव्यात उतरू नका. दोन्ही बाजू सिमेंटच्या, उतरत्या, शेवाळलेल्या. पाय घसरला तर धरायला काही नाही आणि पाण्याला ओढ असते. चांगले पोहणारेही यात गेलेत. पाणी भरायचं तर गावात भरा.

गांडो बावळ

माझ्या नावावरून कळलंच असेल काय नडतं ते. वहिनी, तुम्ही काट्यांबद्दल लिहिलंच नाहीत! पाळीच्या कडेला वेडी बाभूळ, म्हणजे गुजरातीतला गांडो बावळ, माजलेली असते. शेतकरी तिच्या फांद्या तोडून कुंपण करतात आणि त्या वाळून रस्त्यावर येतात. काटा टायरमधून आरपार जातो. पंक्चर काढलं तरी टायरच्या आतून बोट फिरवून मोडलेलं टोक शोधा, नाहीतर दोन किलोमीटरवर पुन्हा तेच. जास्तीच्या ट्यूब दोन घ्या, हवेचा पंप घ्या. गावात पंक्चरवाला मिळतो, पण त्याच्याकडचा पंप बारीक तोंडाच्या व्हॉल्व्हला बसेलच असं नाही.

पावसाळ्यात इकडे कच्च्या रस्त्याला जाऊ नका. कानमची, म्हणजे या भागातली, काळी माती मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये लिंपल्यासारखी बसते, चाक फिरायचंच थांबतं, आणि मग सायकल खांद्यावर.

आणि वारा. सपाट मुलखात चढाचं काम वारा करतो. थंडीत सकाळी उत्तरेकडून येतो, तेव्हा आधी उत्तरेला सावली गावाच्या बाजूला जा, म्हणजे परतताना तो पाठीशी असेल. मे महिन्यात बरोबर उलटं. नैर्ऋत्येचा वारा इतका की करजणकडे जाताना सायकल चालवतोय की ढकलतोय कळत नाही.

जुना पेंडल

आम्ही दांडिया बाजारातली पोरं १९७० च्या दशकात नारेश्वरला सायकलने जायचो. रंग अवधूत महाराजांचं ठिकाण म्हणून घरून परवानगी लगेच मिळे. दुसऱ्या कुठल्या गावाचं नाव घेतलं असतं तर वडिलांनी सायकलला कुलूप घातलं असतं. काळ्या सायकली, गिअर नाहीत, कॅरिअरला दशम्या आणि लसणाची चटणी. चांदोदला मल्हारराव घाटावरून होडीत सायकली घालून ओरसंगेच्या मुखापलीकडे करनाळीला उतरायचो. नावाडी माणसाचं भाडं वेगळं आणि सायकलचं वेगळं सांगायचा. त्यावरून घासाघीस झाल्याशिवाय होडी हलायची नाही.

तेव्हा नर्मदेचं पाणी ऋतूप्रमाणे चढायचं, उतरायचं. आता वर धरण आहे, सोडतील तसं पाणी. घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर सायकल लावून दर्शनाला जाऊ नका, एवढाच माझा अनुभवाचा सल्ला.

गरुडेश्वरही करा. टेंब्ये स्वामींची समाधी (१९१४) तिथे आहे. चांदोदच्या पुढे तिकडे जाताना रस्ता थोडा वरखाली होतो, पण माझ्या वयाच्या माणसालाही जमेल. चैत्रात रामपुरा-तिलकवाडा भागात उत्तरवाहिनी परिक्रमा चालते. तिथे मात्र सायकल नेऊ नये. वाट पायी चालणाऱ्यांची आहे, गर्दीत घंटी वाजवत जाणं बरं दिसत नाही.

अलकापुरी

धाग्याच्या विषयाला थोडं सोडून, पण पाण्याचंच. मुलगा कोचीला असतो, त्यामुळे कुट्टनाडात सायकल चालवली. तिथे भातशेती समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि बांधावरून जाताना एका हाताला कालव्याचं पाणी आपल्या पायाच्या पातळीला, दुसऱ्या हाताला शेत खोल खाली. मला ते पचायला वेळ लागला. बांध अरुंद, समोरून कोणी आलं तर एकाने उतरायचं. पेरणीआधी शेतातलं पाणी पंपाने बाहेर काढावं लागतं. आपल्याकडे शेतात पाणी आणायला सरकारं गेली, तिकडे बाहेर काढायला माणसं राबतात. खाण्याचं म्हणाल तर कप्पा (उकडलेला टॅपिओका कंद) आणि मासे. सौभाग्यवती केळ्यांवर राहिल्या.

पेटलादचा जावई

सगळे डभोईकडेच काय जाता? मही ओलांडा, चरोतरात या. तंबाखूची शेतं, आणि तारापूरच्या बाजूला परिएज आणि कानेवाल हे तलाव. सारस बघायचा तर इकडे. भाताच्या शेतात जोडी उभी असते, जवळजवळ माणसाएवढी उंच, आणि शेतकरी तिला हाकलत नाही. सासऱ्यांच्या शेजाऱ्याच्या शेतात घरटं होतं, तर त्याने तेवढा तुकडा कापायचा शेवटी ठेवला.

महत्त्वाचं : पादऱ्याकडून गंभीराचा पूल धरून यायची जुनी सवय असेल तर सोडा. तो ९ जुलै २०२५ ला कोसळला, माणसं गेली. सिंधरोटवरून उमेट्याच्या पुलाने या, पुढे बोरसद. सायकलला हाच रस्ता बरा, वासदच्या हायवेपेक्षा कितीतरी.

सुरसागरवाली

मगरींबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? मगरींच्या विश्वामित्री नदीच्या गावचे ना आपण!

वाडीकर

सवय झालीय म्हणून. २०२४ च्या पुरात आमच्या नातेवाइकांच्या सोसायटीत आली होती, तेव्हापासून घरात तोच विषय. आजव्याच्या तलावात आहेत, ढाढरच्या काठाच्या गावतळ्यांतही आहेत. थंडीत सकाळी त्या काठावर उन्हाला येऊन पडतात, म्हणजे नेमक्या आपल्या सायकलच्या वेळेला. काठापासून लांब बसून डबा खायचा. आणि गुराख्याला विचारायचं, त्याला कुठली कुठे असते ते ठाऊक असतं.

मांजलपूरची वहिनी

पेटलादचे जावई, उमेट्यानंतर बोरसदपर्यंत सावलीत बसून खायला काही मिळतं का? नणंद सकाळी फाफडा खाल्ल्याशिवाय पुढे येत नाही.

पेटलादचा जावई

मिळतो. पण सकाळी लवकर या, उशीर झाला की फाफडा संपतो आणि नुसता पपईचा संभारा उरतो.