रेडिओवरच्या विनोदी कार्यक्रमात पाहुणे हवेत की नकोत? (ऑनलाइन चर्चेचा धागा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

नौपाडेकर

परवाच्या रविवारी घरी घडलं ते आधी सांगतो, म्हणजे माझा मुद्दा कळेल.

आई ८१ वर्षांची आहे. काचबिंदूने नजर गेली. टीव्ही तिला अर्धाच पोचतो, रेडिओ पुरा पोचतो. दर रविवारी सकाळी एका एफएमवर तासाभराचा मराठी विनोदी कार्यक्रम लागतो, तो ती चुकवत नाही. त्यात दोन ठरलेले आवाज आहेत. एक सोसायटीचा सेक्रेटरी, दुसरी तळमजल्यावरची भांडखोर बाई. आईला त्या दोघांचे श्वास ओळखू येतात. सेक्रेटरी घसा खाकरला की ही इकडे आधीच हसायला लागते.

परवा तिथे पाहुणा आला. टीव्हीवरचा नावाजलेला विनोदी नट. पहिली दहा-बारा मिनिटं त्याची ओळख, मग त्याचा येणारा सिनेमा, मग सिनेमातल्या गमती. सेक्रेटरी आणि बाई दोघं मुलाखत घेणारे झाले. मध्येच पाहुण्याने काहीतरी केलं आणि तिघंही पोट धरून हसले. चांगलं अर्धा मिनिट हसत होते. आईने मला विचारलं, "काय केलं रे त्याने?"

मी तिच्या शेजारीच बसलो होतो. माझ्याकडेही तोच रेडिओ. तोंड वाकडं केलं असेल, नक्कल केली असेल, देव जाणे. मला उत्तर देता आलं नाही आणि ते मनाला लागलं.

माझं म्हणणं सरळ आहे. चेहऱ्यावर चालणारा माणूस चेहरा नसलेल्या माध्यमात आणून बसवायचा आणि घरच्या माणसांना गप्प करायचं, हे बंद झालं पाहिजे. विनोदी कार्यक्रमाला पाहुणा नको. तुम्हाला काय वाटतं?

ऐरोली सेक्टर ८

असहमत. आईंच्या बाबतीत झालं ते वाईटच, पण त्यावरून पाहुणेच नकोत हे पटत नाही.

मी आठ वर्षं एफएमच्या जाहिरात विभागात होतो. ठाण्यात गोखले रोड, राम मारुती रोड, इकडे वाशी सेक्टर १७, ही सगळी दुकानं पायाखालून घातली आहेत. "दोन मजेदार पात्रं आहेत हो" असं सांगून कार्यक्रम विकायला गेलं की मालक गल्ल्यावरून मान वर करत नाही. तो एकच विचारतो, "कोण येणार?" नाव सांगितलं की खुर्ची पुढे सरकवतो, चहा मागवतो.

प्रायोजक नसला तर सगळ्यात आधी कात्री लेखकाच्या मानधनाला लागते. मग आरजेच लिहितो, तोच बोलतो, त्याच तीन गमती फिरून येतात. तुमचा तो सेक्रेटरी कुणीतरी लिहितो ना? त्याचे पैसे कुठून येतात? सिनेमावाला नट बहुतेकदा पैसे न घेता येतो, कारण त्याला सिनेमा सांगायचा असतो. त्याच्या नावावर चार आठवड्यांच्या जाहिराती लागतात. पाहुणा बंद केलात तर वर्षभरात सेक्रेटरीही बंद पडेल.

कोपरीकर

मी ७४ वर्षांचा. नौपाडेकरांशी पूर्ण सहमत.

आकाशवाणी मुंबईवर 'पुन्हा प्रपंच' ही घरगुती गप्पांची श्रुतिका लागायची. प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भाऊजी. त्यांचे आवाज प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर यांचे. बस्स, तीन आवाज. गावात काय चाललंय, रॉकेलची रांग, दुधाचं कार्ड, सगळं त्या तिघांच्या बोलण्यात यायचं. टेकाडे भाऊजींना कोणी पाहुणा आणून कधी मदत करावी लागली नाही. आपणच त्यांच्या घरी पाहुणे असायचो. त्यांची बैठकीची खोली मी आजही काढून दाखवीन, दार डावीकडे, वहिनींचं स्वयंपाकघर आत. आम्ही ती कधी पाहिलीच नव्हती.

बाहेरचा माणूस आत आला की ती खोली मोडते.

खारघरची रात्रपाळी

मी नर्स आहे. पहाटे साडेतीनला वॉर्डात सगळं शांत असतं तेव्हा एका कानात रेडिओ असतो. मला पाहुणे आवडतात. रोजचेच दोन आवाज त्या वेळी कानाला गुंगी आणतात. नवा माणूस बोलायला लागला की मी जागी होते. इतकंच.

नेरूळची माइकवाली

मी ओपन माइक करते, म्हणजे नवख्यांना खुल्या असलेल्या मंचावर उभं राहून विनोद सांगते. नोकरी सांभाळून, आठवड्यातून दोनदा, कधी ठाण्यात, कधी मुंबईत. अशा एका रेडिओ कार्यक्रमात मी पाहुणी म्हणून जाऊन आले आहे. काचेच्या आतून कसं दिसतं ते सांगते.

खोली इतकी बंद असते की आपण थुंकी गिळली तरी हेडफोनमध्ये ऐकू येते. माइकवर स्पंज, समोर काच, काचेपलीकडे कन्सोलवर एक मुलगा. त्याचं लक्ष मीटरवर. माझा सगळा धंदा लोकांच्या हसण्यावर उभा आहे. ओपन माइकला मी वाक्य टाकते, थांबते, हशा पडतो, तो उतरायला लागला की पुढचं वाक्य. तिथे वाक्य टाकलं, थांबले, आणि काहीच नाही. आरजेताई हसत होती, पण तोंडावर हात ठेवून, कारण तिचा माइक चालू होता. तिसऱ्या वेळी थांबले तेव्हा त्या मुलाने काचेतून हाताने चाक फिरवल्यासारखं केलं. चालू ठेव, चालू ठेव. रेडिओवर दोन सेकंद शांतता गेली की ऐकणाऱ्याला वाटतं स्टेशन बंद पडलं.

घरी येऊन रडले. कारण वेगळंच होतं. सहा मिनिटं बोलले, त्यातलं दीड मिनिट लागलं, आणि तेही विनोद नाही. "मुलगी असून हे क्षेत्र कसं निवडलंस?" एवढा प्रश्न आणि त्याचं उत्तर. माझा सेट, म्हणजे तयार केलेले विनोद, सगळा कापला. हार्बरच्या गाडीत बायका बसायच्या जागेवरून भांडतात, त्यावर तो होता. दोन महिने घासलेला.

तरीही पाहुणे नकोत असं मी म्हणणार नाही. मला दुसरं दार कुठलं आहे? कायमच्या खुर्च्या दोन, त्यावर माणसं बसलेली. पाहुण्याची खुर्ची गेली तर नवीन माणसाने आत यायचं कुठून? नौपाडेकर, तुमचा राग नटावर आहे. माझ्या मते चूक बोलावणाऱ्यांची आहे. पाहुण्याला बोलावतात पण काम देत नाहीत. काम नसलेला माणूस स्वतःविषयीच बोलणार.

नौपाडेकर

ताई, तुमचं वाचून मी माझं म्हणणं थोडं बदलतो. "पाहुणा नको" हे रागात लिहिलं. "काम दिल्याशिवाय पाहुणा नको" असं म्हणतो.

याला आधार आहे. बीबीसी रेडिओ ४ वर १९७२ पासून 'आय एम सॉरी आय हॅवन्ट अ क्लू' नावाचा विनोदी खेळांचा कार्यक्रम चालतो. सूत्रधार हम्फ्री लिटलटन, मूळचा जॅझ ट्रम्पेट वाजवणारा. पुढे बसणारे चौघं ठरलेले. त्यातला विली रश्टन १९९६ मध्ये वारला. त्याच्या जागी त्यांनी कायमचा माणूस नेमला नाही. तीन जुने तसेच ठेवले आणि चौथी खुर्ची पाहुण्यांना दिली, आज हा, उद्या तो. आलेला प्रत्येक जण त्याच खेळात उतरायचा, तेच वेडेवाकडे प्रश्न, तीच गाणी. २००८ मध्ये लिटलटनही गेला, तरी कार्यक्रम थांबला नाही.

कोपरीकर काका, खोली मोडली नाही. खुर्ची रिकामी झाली होती तिथेच पाहुणा बसला, आणि घरच्यांसारखा कामाला लागला.

ऐरोली सेक्टर ८

बीबीसीची उदाहरणं देताना एक गोष्ट विसरू नका. तिथे टीव्ही बघणारं घर वर्षाला लायसन फी भरतं आणि त्यातून रेडिओही चालतो. त्यांच्या लेखकाला गोखले रोडवर फिरावं लागत नाही.

दुसरं, तिथे चालू बातम्यांवर विनोदी प्रश्नमंजूषा १९७७ पासून चालू आहे. पाहुण्याला आठवड्याच्या बातम्या दिल्या की झालं त्याचं काम. आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी लावायची तेवढी मुभा आहे. त्यामुळे राजकारण, महापालिका असलं काही आलं की स्टेशनवाले आधीच हात आखडतात. उरतं काय? सिनेमा, क्रिकेट, नवरा-बायको आणि वाहतूक कोंडी. घोडबंदर रोडवर किती वर्षं हसणार? मग पाहुण्याच्या सिनेमावर बोलणं हेच सगळ्यात निर्धोक वाटतं. हा दोष एकट्या पाहुण्याचा किंवा एकट्या निर्मात्याचा नाही.

कोपरीकर

बातम्या नसल्या तरी विनोद होतो. मीनावहिनींनी गॅसच्या नंबरावर आख्खा भाग काढला असता.

आणि माइकवालीताई, तुमच्यावर अन्याय झाला हे खरं. पण तुमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांचं बोलणं घरात सगळ्यांसमोर ऐकवत नाही. रेडिओ स्वयंपाकघरात चालतो. नात शेजारी बसलेली असते. हा विचार बोलावणाऱ्याने करायचा की नाही?

नेरूळची माइकवाली

काका, करायचाच. रेडिओवर जाताना मीही केला होता, माझ्या सेटमध्ये तुमच्या नातीला न चालणारा एक शब्द नव्हता. तो तरीही कापला गेला. म्हणजे कात्री भाषेला लागली नव्हती. अनोळखी बाईचे विनोद कोण ऐकणार, तिची कहाणी ऐकतील, असं कुणीतरी ठरवलं होतं.

आता कामाचं बोलते. बीबीसीचाच 'जस्ट अ मिनिट' १९६७ पासून चालू आहे. निकोलस पार्सन्स पहिल्यापासून सूत्रधार, २०२० मध्ये वारला तोवर. नियम एवढाच की दिलेल्या विषयावर एक मिनिट बोलायचं. अडखळायचं नाही, विषय सोडायचा नाही, शब्द परत वापरायचा नाही. विषयातले शब्द तेवढे चालतात. चूक झाली की बाकीच्यांनी बझर दाबायचा, पटलं तर उरलेले सेकंद त्याचे. २०१२ मध्ये हा खेळ मुंबईत रेकॉर्ड झाला, लोअर परळच्या कॉमेडी स्टोअरमध्ये. तिकडून पॉल मर्टन आणि मार्कस ब्रिगस्टॉक, इथले सायरस ब्रोचा आणि अनुवब पाल. इथल्या दोघांना सिनेमा सांगायला वेळच नाही, कारण घड्याळ चालू आहे आणि शेजारचा टपून बसलाय. चेहऱ्याचं काम नाही. सगळं कानावर. पाहुण्याला काम द्यायचं म्हणजे मी हे म्हणते. याला बातम्याही लागत नाहीत आणि लेखकाचा खर्चही कमी. ऐरोलीकर, हे तर विकता येईल ना?

ऐरोली सेक्टर ८

विकता येईल. "अमुक एक मिनिट" असं दुकानाचं नाव त्या मिनिटालाच देता येईल. पण नाव असलेला पाहुणा यात यायला घाबरेल. सिनेमा सांगायला मिळणार नाही आणि वर चार लोकांत चूक पकडली जाणार. तो नाही आला की मी पुन्हा गल्ल्यासमोर उभा. यावर तुमच्यापैकी कोणीच उत्तर दिलेलं नाही.

नौपाडेकर

उत्तर माझ्याकडेही नाही. पण ज्याला एक मिनिट मराठी बोलायची भीती वाटते त्याला आईच्या रविवारात तास का द्यायचा, हा माझा प्रश्न उरतोच.

नेरूळची माइकवाली

आम्ही चौघांनी गेल्या शनिवारी ठाण्याच्या तलावपाळीवर बसून हे मराठीत करून पाहिलं. बझर म्हणून सायकलची घंटा. मला विषय मिळाला 'सॅटिसखालची रिक्षाची रांग', सॅटिस म्हणजे ठाणे स्टेशनबाहेरचा बसचा पूल. नवव्या सेकंदाला मी म्हटलं, "रांग हळूहळू सरकते," आणि घंटा वाजली. शब्द परत आला म्हणे. मी म्हटलं, हळूहळू हा एकच शब्द. त्यावर पाऊण तास भांडण. मग लक्षात आलं की मराठी बोलायचं तर हे पावलोपावली होणार. चालता चालता, लाल लाल, पटपट, घरोघरी, कुणी कुणी. इंग्रजीत हा नियम कडक आहे, मराठीत तो जीवघेणा आहे. दोन फेऱ्यांनंतर आम्ही सगळे दुहेरी शब्द चुकवून बोलायला लागलो आणि आमची मराठीच विचित्र झाली. आजूबाजूचे पाच-सहा लोक भेळ खायचे थांबून ऐकत होते. त्यातला एकही आम्हाला ओळखत नव्हता.

खारघरची रात्रपाळी

हे पहाटे साडेतीनला लावा.

कोपरीकर

हळूहळू हा एकच शब्द. जोडून लिहितात, कोशात नोंदही एकच. घंटा चुकीची. उरलेली ५१ सेकंदं तुमचीच होती. चालता चालता मात्र दोन, ते तोडून लिहितात.

मला स्वतःला 'दुधाचं कार्ड' हा विषय दिला तर मिनिटभर बोलेन असं वाटतं.

नौपाडेकर

आईला सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला. ऐरोलीकरांचं तिला पटलं. लेखकाला पैसे मिळाले पाहिजेत म्हणाली, दोनदा म्हणाली. हळूहळूच्या बाबतीत मात्र ती काकांच्या विरोधात आहे. लिहायचं कसं ते लिहिणाऱ्यांनी बघावं, कानाला दोनदा हळू ऐकू येतं, म्हणजे दोन.

माइकवालीताई, तिने तुम्हाला एक विषय दिलाय, 'पारसिकचा बोगदा'. पूर्वी जलद लोकल त्यात शिरली की ट्रान्झिस्टर खरखरून गप्प व्हायचा आणि पलीकडे निघेपर्यंत विनोदाचा शेवट हुकलेला असायचा, म्हणून. रविवारी तो कार्यक्रम संपला की घरी या. काका, तुम्हीही कोपरीहून या, दहा मिनिटांचा रस्ता आहे. ती ताट आणि चमचा घेऊन बसणार आहे.