चेकॉवचं कलिंगड म्हणजे वासना? हद्द झाली राव

अर्धा_कटिंग : कालच्या ‘प्रतीकं ओळखा’ पोस्टला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण झोपच लागेना. म्हणे रशियन लेखक चेकॉवच्या ‘लेडी विथ द डॉग’ या कथेतलं कलिंगड म्हणजे वासना, लाल रंग म्हणजे पाप आणि बिया (बसा खाली) म्हणजे अपराधी भावना. अहो, गोष्ट वाचलीत का? याल्टाला, समुद्रकाठच्या गावी, हॉटेलात लग्न झालेली ॲना परपुरुषाजवळ गेल्यावर तोंड उतरवून बसलीय, आता तुम्हीच मला मान देणार नाही म्हणतेय, आणि हा तिचा प्रियकर गुरोव, तोही बायकोवाला, टेबलावरच्या कलिंगडाची फोड कापून सावकाश खात बसतो. अर्धा तास कुणी बोलत नाही. चाळिशीला टेकलेला, असल्या भानगडी पचवलेला माणूस एका फोडीत उभा केलाय. रंगाचा तर तिथे उल्लेखपण नाही.

पानसुपारी : म्हणजे फोडीतून माणूस दिसतो हे मान्य. मग यालाच प्रतीक म्हणतात की वो. आणि पुढे ॲनाच्या घरासमोरचं खिळे मारलेलं करडं कुंपण? तिच्या गावच्या हॉटेलातल्या दौतीवरचा मुंडकं तुटलेला घोडेस्वार? ते काय चेकॉवने जागा भरायला ठेवलंय?

अर्धा_कटिंग : असल्या कुंपणापासून कुणीही पळेल असं गुरोवच्याच मनात येतं. तिथे गाईड लागत नाही.

पानसुपारी : गाईडचं नाव काढू नका. मी टीवायला ‘कुंपण म्हणजे कुंपण, बघून त्याला वैताग आला’ असं लिहिलं तर सरांनी दोन मार्क कापले, शेजारच्याने ‘कुंपण = तुरुंग’ लिहून पाच घेतले. 17 वर्षं झाली, अजून डोकं फिरतं.

वऱ्हाडी_ठेचा : सॉरी, पण कलिंगड काय बापा? टरबूज म्हणतात त्याले.

माडाखाली : कलिंगडच. टरबूज म्हणजे खरबुजाचा चुलतभाऊ वाटतो.

वऱ्हाडी_ठेचा : आमच्या नदीच्या वाळूत आज्यापासून टरबुजं लावतो आम्ही, तुम्ही आम्हाले नाव शिकवता? पुण्या-मुंबईची तेवढी मराठी अन् आमची काय रशियन?

माडाखाली : मी पुण्याचा नाही हो, मालवणचा. पुणेकर म्हटलं याचा निषेध.

खानदेशी_भरीत : भो, आमच्याकडे पण टरबूजच. कोणी डांगर म्हटलं तर मात्र आम्ही लाल भोपळा आणू.

अर्धा_कटिंग : 1899 ची गोष्ट चाललीय, बाजार समिती नाही!! ज्यांनी वाचली नाही त्यांनी भाजीचा वेगळा धागा काढा.

वऱ्हाडी_ठेचा : वाचली आहे म्हणूनच बोलतो. अनुवादात कलिंगड लिहिलं की ते आमच्या टेबलावरचं राहत नाही. हसू नका.

रिकामी_खुर्ची : तुमचं चालू द्या, मी माझं सांगते. वेगळं राहायचंय असं मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो शेंगा फोडत होता. फोडतच राहिला. टरफलं पेपरवर, दाणे वाटीत. कोर्टात कोण काय बोललं ते आठवत नाही, शेंगांचा आवाज आठवतो. कितीतरी वर्षं मला गुरोव निर्दयी वाटायचा. परवा पुन्हा वाचली तर वाटलं, काय बोलावं हेच त्याला कळत नसेल तर? हाताला काहीतरी काम पाहिजे म्हणून फोड कापली असेल.

अर्धा_कटिंग : ताई, तुमच्या मिस्टरांचं मला माहीत नाही. पण गुरोवला तिचं ऐकून कंटाळा आला होता, हे पुढे स्पष्ट लिहिलंय.

रिकामी_खुर्ची : लिहिलंय की. आणि हाच कंटाळलेला माणूस पुढे मॉस्को सोडून तिच्या गावी जातो, त्या कुंपणासमोर येरझाऱ्या घालतो, तिचा कुत्रा दिसल्यावर हाक मारायला जातो तर छाती अशी धडधडते की कुत्र्याचं नावच आठवत नाही. ते कसं बसवणार तुमच्या ‘पचवलेल्या’ माणसात?

पानसुपारी : आता बोला.

अर्धा_कटिंग : बरं बाई, कुत्र्याचं नाव तुम्हाला दिलं. कलिंगड देणार नाही.

वऱ्हाडी_ठेचा : टरबूज.