पहिल्यांदा रीफवर सर्फिंगला जातोय, शनिवार की रविवार? फोरकास्ट बघून सांगा

लाटवेडा

नमस्कार मंडळी. या वीकेंडला पहिल्यांदाच रीफवर (पाण्याखालच्या खडक-प्रवाळावर लाट फुटते ती जागा) जायचं ठरतंय. आत्तापर्यंतचं सगळं सर्फिंग वाळूच्या बीचवर, तिथे न फुटलेली लाट पकडून दोन्ही बाजूंना जाता येतं, डक डाइव्ह (बोर्डसकट लाटेखालून जाणं) बऱ्यापैकी जमतो, पोहायला पक्का आहे. सोबतचा मित्र त्या रीफवर बरेचदा जाऊन आलाय पण फोरकास्ट हा प्रकार तो बघतच नाही, सकाळी जाऊन बघू एवढंच म्हणतो. मला दोनपैकी एकच दिवस मोकळा आहे म्हणून आधीच ठरवायचंय.

ॲपवर दिसतंय ते असं:

शनिवार: स्वेल (समुद्रातून येणाऱ्या लाटा) १.२ मीटर, पिरियड (दोन लाटांमधला वेळ) ९ सेकंद, नैऋत्येकडून. त्याच्याखाली अजून एक ओळ, ०.९ मीटर ५ सेकंद. सकाळी वारा ईशान्येचा ५ नॉट, ११ नंतर फिरून नैऋत्येचा १४ नॉट. ओहोटी ६:१० ला ०.३ मीटर, भरती १२:२० ला २.३ मीटर.

रविवार: स्वेल १.८ मीटर, पिरियड १६ सेकंद, दक्षिण-नैऋत्येकडून. वारा जवळपास तसाच. ओहोटी ६:५५ ला ०.२, भरती १:०५ ला २.४.

रीफचं तोंड नैऋत्येला आहे, बाजूला खोल चॅनल आहे, तिथूनच आत जातात. दुसऱ्या एका ॲपवर शनिवारी सरळ १.५ मीटर लिहिलंय, मग खरं कोणतं धरायचं? आणि १.२ काय नि १.८ काय, अर्ध्या मीटरने असा काय फरक पडतो, पिरियड मोठा असला की लाटा स्वच्छ येतात असं ऐकलंय तर रविवारीच जावं का?

खारा_वारा

रविवार!! १६ सेकंद रोज रोज मिळतंय का राव. पहाटे जा, वारा ऑफशोअर (जमिनीवरून समुद्राकडे) आहे, आरशासारखं पाणी मिळेल.

भांगाची_भरती

खारा_वारा, तुला मजा येईल रे रविवारी, पण विचारणारा पहिल्यांदा रीफवर चाललाय आणि पहाटे ओहोटी आहे ०.२ ला, त्याला कुठे पाठवतोयस.

लाटवेडा, आधी तुझ्या १.५ चं सांगतो कारण ते सोपं आहे. दोन्ही ॲप बरोबर आहेत. एक ॲप प्रत्येक स्वेल वेगळी दाखवतं, दुसरं सगळ्यांची मिळून एक उंची दाखवतं, आणि ही बेरीज सरळ होत नाही, वर्ग करून बेरीज करायची आणि मग वर्गमूळ काढायचं. १.२ चा वर्ग १.४४, ०.९ चा ०.८१, मिळून २.२५, वर्गमूळ १.५. झालं. म्हणजे तो १.५ आकडा मोठ्या लाटेचा नाहीये, ९ सेकंदाची स्वेल आणि आदल्या दिवशीच्या वाऱ्याने उठलेली ५ सेकंदाची खळबळ असं दोन्ही त्यात आहे. ही ५ सेकंदवाली पहाटेच्या मतलई वाऱ्याने बरीच बसते, त्यामुळे तिचं टेन्शन घेऊ नकोस. वेगवेगळ्या ओळी दाखवणारं ॲपच वापर, एकत्र आकड्यावरून रीफचं काहीच कळत नाही.

आता १.२ नि १.८. नुसती उंची बघितलीस म्हणून अर्धा मीटर वाटतोय. लाटेतून येणारी ताकद उंचीच्या वर्गाच्या आणि पिरियडच्या गुणाकाराने वाढते. शनिवारी १.२ × १.२ × ९ म्हणजे साधारण १३, रविवारी १.८ × १.८ × १६ म्हणजे जवळपास ५२. सरळ चौपट! आणि हे खोल पाण्यातलं झालं. ९ सेकंदाच्या लाटेची लांबी खोल समुद्रात सव्वाशे मीटरच्या आसपास असते, १६ सेकंदाची ४०० मीटर. लाटेला तळ लागायला लागतो तो तिच्या निम्म्या लांबीएवढ्या खोलीवर, म्हणजे १६ सेकंदवालीला २०० मीटर खोलीपासूनच तळ जाणवायला लागतो, ती वळते, गोळा होते, आणि रीफवर येईपर्यंत बरीच उंच झालेली असते. वाळूचा तळ हळूहळू वर येतो म्हणून बीचवर लाट थोडीफार दमून फुटते, रीफ मात्र खोल पाण्यातून एकदम वर आलेला कट्टा असतो, लाट तिथे अडखळते आणि तिचा माथा पुढे फेकला जातो. रीफवरच्या बॅरलचे (लाटेच्या पोकळ नळीचे) फोटो एवढे भारी येतात ते त्यामुळेच आणि लोकांच्या पाठी सोलून निघतात त्यासुद्धा त्यामुळेच. १.८ ची लाट १६ सेकंदाला फुटताना दीडपट उंच होणं काही विशेष नाही, तळाचा आकार तसा असेल तर त्याहून जास्त.

अजून एक, फोरकास्टमधली उंची म्हणजे सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. तीन-चार तास पाण्यात बसलास तर त्यात एखादी जवळजवळ दुप्पट येणारच, ती तुझ्यासाठी थांबणार नाही.

स्वच्छ लाटांचं म्हणशील तर पिरियड मोठा म्हणजे वादळ लांब झालंय आणि लाटा वाटेत एकमेकींपासून सुट्या होऊन रांगेत आल्यात, एवढंच. स्वच्छ आणि सोपी यात फरक आहे.

तर शनिवार. वेळ ठरवायची ती भरतीवरून, सूर्योदयावरून नाही. ६:१० ला ओहोटी संपली की पाणी सारख्या वेगाने चढत नाही, पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, मग तीन, तीन, दोन, एक. तुझ्याकडे फरक २ मीटरचा आहे. म्हणजे ८ वाजेपर्यंत पाणी जेमतेम अर्धा मीटर चढलेलं असेल आणि ९:१५ च्या सुमारास १.३ ला पोचेल. ११ ला वारा फिरतोय. मग साडेआठ-पावणेनऊ ते साडेदहा हीच खरी वेळ. फक्त १.३ मीटर म्हणजे रीफवर १.३ मीटर पाणी असं समजू नकोस, तो आकडा नकाशाच्या शून्य पातळीपासून असतो, रीफचा माथा त्या शून्याच्या वर आहे की खाली ते त्या त्या जागेवर अवलंबून. हे मात्र तुझ्या मित्राला विचार, किती भरतीला तिथे उतरतात ते त्याला ॲप न बघता माहीत असणार.

शिंपला

वरच्या सगळ्याशी सहमत. एक भर घालते, लाट फुटायच्या आधी समोरचं पाणी मागे ओढून घेते, त्यामुळे भरतीच्या तक्त्यात पाणी पुरेसं दिसत असलं तरी नेमक्या त्या क्षणी तुमच्या पायाखाली गुडघाभरच उरलेलं असू शकतं. म्हणून पडलात तर सपाट पडा, पाठीवर किंवा कुशीवर, डोकं हाताने झाका, आणि पाय खाली टेकवायला जाऊ नका. बीचवर पडलं की उभं राहायची सवय असते ना, ती इथे महागात पडते, समुद्री साळिंदराचे (सी अर्चिनचे) काटे पायात घुसले की आठवडा गेला.

निळा_पट्टा

रविवारची स्वेल येते कुठून ते बघितलं का कोणी? पिरियडवरून वादळ बरंच लांब दिसतंय, समजा ३००० किलोमीटर. खोल पाण्यात लाटांचा गट नॉटमध्ये पिरियडच्या साधारण दीडपट वेगाने जातो, १६ सेकंदवाला २४ नॉट म्हणजे ताशी ४५ किमी, १९ सेकंदवाला ताशी ५३. एवढ्या अंतरावर १९ वाले १६ वाल्यांच्या आधी १०-११ तास पोचतात. म्हणजे १६ वाली रविवारी सकाळी भरात असेल तर तिच्या पुढे धावणाऱ्या लाटा शनिवारी रात्रीच दारात. तक्त्यात ते ०.३ मीटर १९ सेकंद असं काहीतरी बारीक अक्षरात दिसतं आणि कोणी बघत नाही. अंदाज काढणाऱ्या मॉडेलची वेळ सहा-आठ तास इकडेतिकडे होणं काही नवीन नाही, तसं झालं तर शनिवारी दुपारीच एखादा सेट (मोठ्या लाटांचा गट) असा येईल की सगळे लाइनअपमधले (लाटेची वाट बघत बसलेले) बाहेरच्या दिशेने पॅडल मारत सुटतील. सकाळचं सेशन करा, संध्याकाळचा मोह नको.

जाता जाता, हे लांबून येणाऱ्या लाटांचं प्रकरण वॉल्टर मंक नावाच्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये अख्ख्या पॅसिफिकमध्ये ठिकठिकाणी यंत्रं लावून मोजलं होतं, दक्षिणेकडे अंटार्क्टिकाच्या बाजूच्या वादळांच्या लाटा त्यांना पार अलास्कापर्यंत सापडल्या. दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवण्यासाठी लाटांचा अंदाज काढायची पद्धत बसवणाऱ्यांतलाही हाच माणूस. आज ॲपवर आपण बोट फिरवतो त्याच्या मुळाशी हे सगळं आहे. असो, विषयांतर झालं.

खारा_वारा

बरं बाबा, पहाटेचं मागे घेतो. पण रविवारी १० वाजता गेला तर? पाणी पण चढलेलं असेल. आणि भरती वगैरे एवढं मनावर घ्यायचं तर ताहितीला लोक दिवसभर सर्फ करतात, तिथे कोण भरती बघतं.

भांगाची_भरती

ताहितीला भरती-ओहोटीत फरकच जेमतेम एक फूट असतो, तिथे चंद्रापेक्षा सूर्याचा जोर जास्त लागतो म्हणून भरती रोज साधारण दुपारी बारा आणि मध्यरात्री येते. तिथला हिशोब इथे लावू नकोस. इथे दोन मीटरच्या वर फरक आहे, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासचं उधाण दिसतंय. अष्टमीच्या भांगाला (कमी फरकाच्या भरती-ओहोटीला) आला असता तर मीही एवढं बोललो नसतो.

आणि रविवारी १० ला पाणी १.३ ला पोचतंय, ११ ला वारा फिरतोय. एक तासासाठी चौपट ताकदीची लाट, तीही पहिल्याच वेळी? वारा फिरला की चॅनलमधून परत यायचं तेही खळबळीतून. उधाण नि मोठी स्वेल एकत्र असली की रीफच्या आत साचलेलं पाणी चॅनलमधूनच बाहेर पडतं, ओढ चांगली लागते. ओढ लागली तर तिच्याशी भांडत सरळ किनाऱ्याकडे पॅडल मारू नये, आडवं बाहेर पडावं, हे बीचवर शिकला असशीलच.

लाटवेडा

अरे बापरे, एवढं अपेक्षित नव्हतं, सगळ्यांचे आभार. शनिवार पक्का. मित्राला विचारलं, तो म्हणतो त्या रीफचा एक काळा खडक आहे किनाऱ्याच्या बाजूला, तो बुडाला की उतरायचं आणि परत दिसायला लागला की बाहेर. एवढाच त्याचा फोरकास्ट 😄

दोन शंका. आज मॉडेलचं नवीन रन (ताजा अंदाज) आलं त्यात शनिवारचा वारा ११ ऐवजी ९:३० लाच फिरताना दाखवतोय, मग काय करायचं? आणि वारा ईशान्येचा म्हणजे ईशान्येकडे जाणारा की तिकडून येणारा, माझा दरवेळी गोंधळ होतो.

निळा_पट्टा

तिकडून येणारा. वारा आणि स्वेल दोन्हीला जिथून येतात तीच दिशा लिहितात. तुझ्या रीफचं तोंड नैऋत्येला आहे म्हणजे ईशान्येचा वारा जमिनीवरून समुद्राकडे, ऑफशोअर.

वाऱ्याच्या वेळेचं सांगायचं तर स्वेलचा अंदाज तीन-चार दिवस आधी बऱ्यापैकी धरून चालता येतो, किनाऱ्याजवळच्या वाऱ्याचा तसा धरता येत नाही. जीएफएससारख्या (अमेरिकेचं हवामान मॉडेल) जागतिक मॉडेलचे आकडे साधारण २५-३० किलोमीटरच्या चौकटीत मिळतात, त्यात तुझी खाडी, टेकडी, रीफ काही नसतंच, किनारा सुद्धा ओबडधोबड. खारे वारे सुटतात ते जमीन तापली की, त्यामुळे आकाश ढगाळ असेल तर वारा उशिरा फिरेल, कडक ऊन असेल तर लवकर. शुक्रवारी रात्रीचं रन बघ आणि सकाळी झाडांची पानं बघ. ढगाळ म्हणजे पाऊस-गडगडाट नव्हे हां, गडगडाट ऐकू आला की पाण्यात कोणी थांबायचं नाही, भरती कितीही छान असो.

जवळपास लाटा मोजणारा बॉय (समुद्रात तरंगतं यंत्र) असेल तर पहाटे त्याचा आकडा बघायला विसरू नकोस. मॉडेल सांगतं काय होईल, बॉय सांगतो काय झालंय. त्यावर पिरियड ९ च्या ऐवजी १७-१८ दिसायला लागला तर रविवार शनिवारीच आलाय असं समज आणि किनाऱ्यावर बस.

भांगाची_भरती

आणि वारा खरंच ९:३० ला फिरला तर खडक बुडून वाऱ्याच्या आधी तुला कदाचित पाऊण तास मिळेल. पाऊण तास भरपूर झाला पहिल्या वेळेला. वेळ कमी आहे म्हणून खडक दिसत असताना उतरायची घाई मात्र करायची नाही, मित्राचा फोरकास्ट मला तुझ्या ॲपपेक्षा जास्त पटलाय.

उतरायच्या आधी अर्धा तास नुसतं बघ. दोन सेटच्या मध्ये पाणी एकदम शांत होतं आणि लोक पाच मिनिटं बघून लहान आहे म्हणून आत जातात. मोठा सेट कुठे फुटतो, चॅनलमध्ये फुटतो का, लोक कुठून आत जातायत नि कुठून बाहेर येतायत हे एकदा नीट बघून घे. बसायचं चॅनलच्या बाजूला, लाटेच्या खांद्यावर (कडेच्या उतारावर), मधल्या टेक-ऑफच्या (लाट पकडायच्या) जागेवर नाही.

शिंपला

रीफचे बूट असतील तर घाला, नवीन लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी) लावा, हेल्मेट घालायला लाजू नका. प्रवाळाने खरचटलं तर ते किरकोळ वाटतं पण आत बारीक कण राहतात आणि पिकतं. गोड्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने लगेच घासून धुवा, दुखेल, तरी घासा. खोल असेल, सूज वाढली किंवा लाल रेघ वर चढताना दिसली तर डॉक्टरकडे, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते आत्ताच आठवून ठेवा.

खारा_वारा

मी रविवारी जातोय. खडक बुडाल्यावर 🙏 लाटवेडा, तू पण ये, किनाऱ्यावरून व्हिडिओ काढायला कोणीतरी हवंय.

लाटवेडा

रविवारी मोकळा नाहीये म्हणून तर विचारलं होतं ना भावा. शनिवारी कसं झालं ते इथेच टाकतो, बॉयच्या आकड्यासकट.