मदत हवी आहे: चांदीचा परिणाम इथिलीनवरचा की नुसता धातूचा ताण?

नाशिकला एमएस्सी वनस्पतीशास्त्राचा प्रकल्प करतेय. विषय: टोमॅटोच्या रोपांत चांदीच्या आयनांमुळे इथिलीनवर (वनस्पतींतलं वायुरूप संप्रेरक) चालणाऱ्या जनुकांची अभिव्यक्ती कशी बदलते.

इथिलीनच्या ग्राहक प्रथिनाला ते पकडायला तांबं लागतं. चांदी त्या जागी बसली की इथिलीन चिकटतं, पण संदेश पुढे जात नाही. इथवर पक्कं आहे. अंधारात वाढवलेल्या रोपांना इथेफॉन दिलं (यातून इथिलीन सुटतं; ते इथे कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं), तर खोड आखूड, जाड होतं आणि शेंड्याचा आकडा घट्ट वळतो. सोबत चांदी दिली की हे थांबतं. इथिलीनने वाढणाऱ्या ई४ जनुकाची अभिव्यक्तीही उतरते.

सिल्व्हर नायट्रेट एमएस (मुराशिगे-स्कूग) या रोपं वाढवायच्या माध्यमात क्लोराइडमुळे साक्यासारखं खाली बसतं, म्हणून सिल्व्हर थायोसल्फेट वापरते, चांदी आणि थायोसल्फेट १:४ प्रमाणात, ताजं बनवून. नुसत्या सोडियम थायोसल्फेटचं नियंत्रण ठेवलंय, त्यात फरक दिसत नाही.

अडचण अशी की चांदी ऑक्झिन या दुसऱ्या संप्रेरकाच्या वहनातही ढवळाढवळ करते, आणि जड धातूचा ताण वेगळाच. मार्गदर्शक सर म्हणतात, हे वेगळं करून दाखव. नेव्हर-राइप या इथिलीनला दाद न देणाऱ्या टोमॅटो वाणाचं बियाणं मिळत नाहीये. वन-एमसीपी (इथिलीनचा ग्राहक अडवणारा वायू) वापरायला हवाबंद कक्ष लागतो, तो आमच्याकडे नाही. साध्या डेसिकेटरमध्ये (घट्ट झाकणाचं प्रयोगशाळेतलं काचेचं भांडं) जमतं का, तेही सांगा. क्यूपीसीआर (जनुकाची अभिव्यक्ती मोजायची चाचणी) बाहेरून करून घ्यावा लागतो, त्यामुळे जनुकं मोजकीच घेता येतील.

तर टोमॅटोत धातूच्या ताणाने वाढणारं, पण इथिलीनने न हलणारं असं कोणतं जनुक घ्यावं?