उंदरीण पौगंडावस्थेत येते का?

शब्दवेडी
काल रात्री भाषांतर करताना लिहिलं, 'पांढरी उंदरीण पाच-सहा आठवड्यांची झाली की पौगंडावस्थेत पदार्पण करते.' सकाळी चहा घेताना वाचलं आणि डोळ्यांसमोर दोन वेण्या घालून आरशापुढे पुटकुळ्या मोजणारी उंदरीण आली. वाक्य खोडलं. तेव्हापासून अडकले आहे.

मूळ शब्द प्यूबर्टी. पुस्तिका सस्तन प्राण्यांवर आहे, म्हणजे गाय, मेंढी, हत्ती, माकड, माणूस सगळे आले. 'यौवनारंभ' संगीत नाटकातला वाटतो, 'लैंगिक परिपक्वता' सरकारी परिपत्रकातला. 'वयात येणे' मनात आहे, पण आमच्या आईच्या मते ते फक्त मुलींबद्दल म्हणायचं, आणि तेही आवाज खाली करून. तुम्ही काय म्हणता?

जुनी पोथी
आधी 'पौगंड'चाच निकाल लावू. जुन्या संस्कृत वाटणीप्रमाणे पाचव्या वर्षापर्यंत कौमार, दहाव्यापर्यंत पौगंड, पंधराव्यापर्यंत कैशोर आणि त्यापुढे यौवन. म्हणजे ज्या वयाला आपण पौगंडावस्था म्हणतो, ते खरं तर कैशोर! मूळचा पौगंड म्हणजे दुधाचे दात पडलेला, चड्डी सावरत पळणारा पोरगा. मराठीने शब्द उचलला आणि वय पाच वर्षांनी पुढे सरकवलं. आता तो रुळला आहे, त्यामुळे माणसांपुरता राहू द्या. उंदरांना नको.

गोठेकर
आमच्याकडे हा प्रश्नच येत नाही. कालवड माजावर आली, विषय संपला.

शब्दवेडी
गोठेकर काका, थोडं सविस्तर सांगा ना. पुस्तिकेत गाईचं एक अख्खं प्रकरण आहे.

गोठेकर
सांगतो. पहाटे धारेला गेलं की कळतं. जनावर हंबरतं, वैरणीत तोंड घालत नाही, कान टवकारून उभं राहतं. दुसरी गाय अंगावर चढली तरी जागची हलत नाही, ही पक्की खूण. शेपटीला काचेसारखा स्वच्छ सोट, म्हणजे चिकट स्राव, चिकटलेला असतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, म्हणजे गाभण करून घ्यायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. सगळा खेळ बारा ते अठरा तासांचा. हुकला की 21 दिवस बसा हात चोळत. मी एकदा लग्नाच्या वऱ्हाडात गेलो, पोराला वाटलं गाय भुकेने ओरडतेय, त्याने आणखी पेंढी टाकली. गेले तीन आठवडे.

म्हशीचं आणखी अवघड. तिचा असतो मुका माज. ना ओरड, ना उड्या. त्यातही उन्हाळ्यात फार दबलेला, थंडी पडली की जरा उघड.

पण ताई, माज म्हणजे तुमची ती प्यूबर्टी नव्हे. माज परत परत येतो. तुम्हाला 'पहिला माज' म्हणायचं असेल. आणि तोही कालवडीचा. खोंडाला माज नसतो, तो नुसता उड्या मारायला लागतो.

शब्दवेडी
'मुका माज' वहीत उतरवून घेतला! माज आला 'मद'कडून, म्हणजे नशा, कैफ. माजाचा इंग्रजी शब्द ईस्ट्रस ग्रीक 'ओइस्ट्रोस'वरून, त्याचा अर्थ गोमाशी. ग्रीक पुराणात गाय बनलेल्या इओ या तरुणीच्या मागे ती माशी लागते आणि ती देशोधडी पळत सुटते, अशी कथा. वॉल्टर हीप या इंग्रज संशोधकाने 1900 साली तो शब्द प्रजननाच्या शास्त्रात रुजवला आणि त्यातूनच पुढे ईस्ट्रोजेन हे मादीच्या संप्रेरकाचं नाव निघालं. म्हणजे ग्रीकांना गाय माशी चावल्यासारखी दिसली आणि आपल्याला चढल्यासारखी. मला आपलं निरीक्षण जास्त पटतं.

जुनी पोथी
तोच मद हत्तीच्या गंडस्थळातून झरतो. इंग्रजीने त्यासाठी 'मस्त' हा फारसी शब्द हिंदुस्थानातूनच नेला. आपण मिसळ खाऊन 'मस्त!' म्हणतो तोच.

हार्मोनियम
उशिरा आले. शिकवते शरीरशास्त्र, त्यामुळे जरा लांबेल.

'हार्मोन' हा शब्द स्टार्लिंग या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने 1905 साली लंडनच्या व्याख्यानांत वापरला, ग्रीक 'होर्माओ'वरून, म्हणजे 'मी चेतवतो, हलवतो'. आपला 'संप्रेरक' हुबेहूब तेच सांगतो, कारण त्यातला 'ईर्' धातू हलवण्याचाच. परिभाषेतले फार थोडे शब्द इतके चपखल बसलेत.

आता मेंदूकडे. थॅलॅमस हे ग्रीकमध्ये घराच्या आतल्या खोलीचं नाव. आपलं माजघरच म्हणा. मेंदूच्या मधल्या एका भागाला ते दिलं. त्याच्या खाली हायपोथॅलॅमस, मराठीत कुठे अधश्चेतक, कुठे अधोथॅलॅमस. म्हणजे काकांच्या कालवडीच्या माजाचा हुकूम माजघराखालून सुटतो! (दोन्ही माज वेगळे, हे मला ठाऊक आहे. माजघरातला 'मध्य'वरून आला. पोथीवाले, रागावू नका.)

हा हुकूम म्हणजे जीएनआरएच नावाचं संप्रेरक, अवघ्या दहा अमिनो आम्लांची साखळी. शॅली आणि गिलमां हे दोन शास्त्रज्ञ, पहिला डुकरांच्या आणि दुसरा मेंढ्यांच्या मेंदूंचे लाखांच्या घरातले तुकडे वाटत बसले तेव्हा कुठे 1971 मध्ये ती उलगडली. 1977 चं नोबेल. ही साखळी खालच्या पिट्युटरी ग्रंथीला सांगते, ती एफएसएच आणि एलएच ही दोन संप्रेरकं सोडते, आणि ती दोघं बीजांडकोशाला किंवा वृषणाला कामाला लावतात.

पण शब्दवेडी, तुझी खरी पंचाईत पुढे होईल. हे जीएनआरएच नळासारखं वाहत नाही, राहून राहून येतं. नॉबिल या संशोधकाच्या चमूने 1978 मध्ये ऱ्हीसस माकडिणींना ते तासाला एकदा दिलं, तर एलएच-एफएसएच व्यवस्थित चालू. तेच सतत दिलं, तर दोन्ही मंदावले. रसायन तेच, खंड नाही म्हणून पिट्युटरीने कान बंद केले. अकाली वयात येणाऱ्या मुलांना आज याच युक्तीने थांबवतात: त्याच जातीचं औषध, पण अखंड. इंग्रजीत याला पल्स म्हणतात. तू काय लिहिलंयस?

शब्दवेडी
'स्पंद'.

हार्मोनियम
स्पंद थरथरीसारखा वाटतो. 'ठोका' लिही. दोन ठोक्यांमधली शांतता हीच तर बातमी आहे, हे घड्याळ ऐकलेल्या कोणालाही कळेल.

जुनी पोथी
पिट्युटरीला 'पीयूषिका' लिहा, हट्टाने. लॅटिन 'पिट्युइटा' म्हणजे कफ. मेंदूतला शेंबूड या ग्रंथीवाटे नाकात उतरतो, अशी जुन्या वैद्यांची समजूत होती. मराठी परिभाषा करणाऱ्यांनी ध्वनी जवळपास तोच ठेवला आणि शेंबडाचं अमृत केलं. 'पीयूष'चा संस्कृतातला दुसरा अर्थ तर आणखी गमतीचा: नुकत्याच व्यालेल्या गाईचं पहिलं दूध.

गोठेकर
म्हणजे चीक. खरवसाचा.

हार्मोनियम
आणि दूध तयार करवणारं प्रोलॅक्टिन याच ग्रंथीतून येतं! हे कधी लक्षात आलं नव्हतं. उद्या वर्गात सांगणार.

शब्दवेडी
अजून एक. 'किसपेप्टिन'. यंत्राने भाषांतर केलं 'चुंबनप्रथिन'.

हार्मोनियम
अगं बाई. त्याचा मुक्याशी संबंध फक्त चॉकलेटपुरता. त्याचं जनुक 1996 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावी सापडलं, तेही कर्करोगाच्या संशोधनात. तिथली 'किसेस' चॉकलेटं प्रसिद्ध, त्यावरून नाव पडलं. 2003 मध्ये कळलं की त्याचा ग्राहक, म्हणजे त्याला पेशीवर पकडणारा रेणू, बिघडलेली माणसं वयातच येत नाहीत. जीएनआरएचला जागं करणारं ते हेच. किसपेप्टिनच ठेव.

आणि 'यौवनारंभ' तर मुळीच नको, कारण तो आरंभ नाहीच. माणसाच्या बाळात ही यंत्रणा पहिले काही महिने चालू असते, मग मेंदू तिला कित्येक वर्षं दाबून ठेवतो. प्यूबर्टी म्हणजे ती पुन्हा सुरू होणं.

शब्दवेडी
मग उरला 'वयात येणे'. पण त्यातलं 'वय' खटकतं. मेंदू वाढदिवस थोडाच मोजतो?

गोठेकर
अजिबात नाही. एकाच आठवड्यात जन्मलेल्या माझ्या दोन कालवडी. एकीला जंत झाले, ती पाच महिने मागे राहिली. संकरित कालवड अडीचशे किलोच्या आसपास गेल्याशिवाय मी भरवत नाही, तारीख काही का असेना.

हार्मोनियम
बरोबर. चरबीतून निघणारं लेप्टिन मेंदूला सांगतं की घरात दाणापाणी आहे. शिवाय उजेड. अंधारात मेलाटोनिन सुटतं, त्यावरून रात्र किती लांबली ते कळतं. मेंढीला आणि काकांच्या म्हशीला लहान होणारा दिवस मानवतो, घोडीला मोठा होणारा.

जुनी पोथी
थांबा. संस्कृत 'वयस्' चा अर्थ फक्त वर्षं नव्हे. जोम, बळ, अंगातली ताकद असाही आहे. 'वयात येणे' म्हणजे बळात येणे. मग कालवड काय, उंदरीण काय, खोंड काय, सगळ्यांना चालेल. आईलाही सांगा.

शब्दवेडी
'पांढरी उंदरीण पाच-सहा आठवड्यांत वयात येते.' लिहून टाकलं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हळू बोल, बाबा बाहेर बसलेत.