रॉजर ट्रेनर : थोर न्यायाधीश की निवडून न आलेले आमदार? (तळटीप, दुधारी आणि लेथवाला या तीन टोपणनावांमधली चर्चा)

तळटीप :
रॉजर ट्रेनर १९४० ते १९७० कॅलिफोर्निया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात होते, १९६४पासून सरन्यायाधीश. (अमेरिकेत प्रत्येक राज्याला स्वतःचे सर्वोच्च न्यायालय असते, राज्याच्या कायद्यापुरता त्याचा शब्द अखेरचा.) वॉशिंग्टनच्या केंद्रीय सर्वोच्च न्यायालयात एकदाही न बसता अख्ख्या देशाच्या कायद्यावर एवढा ठसा उमटवणारे फार थोडे.

१९४४चा एस्कोला खटला घ्या. वेट्रेसच्या हातात कोका-कोलाची बाटली फुटली, हाताच्या रक्तवाहिन्या आणि नसा कापल्या गेल्या. बहुमताने भरपाई कायम केली, पण ‘बाटली उगाच फुटत नाही, म्हणजे कंपनीचा निष्काळजीपणा असणार’ या अनुमानावर. निकाल ट्रेनर यांनाही मान्य होता, कारण मान्य नव्हते. त्यांनी वेगळे मत लिहिले : कारखान्यात काय चुकले हे ग्राहक कसे दाखवणार? धोका कमी करणे, विमा काढणे आणि तो खर्च किमतीत पसरवणे कारखानदारालाच शक्य आहे, तेव्हा जबाबदारीही त्याचीच. त्या दिवशी हे मत एकट्याचे होते. १९६३ साली ग्रीनमन खटल्यात सगळे न्यायालय त्यावर आले, आणि निकालपत्र लिहिले ट्रेनर यांनीच.

दुधारी :
कौतुक कळले. पण खर्च कोणी कसा पसरवायचा हा धोरणाचा प्रश्न, तो विधिमंडळाने सोडवायचा. मस्कॉफ खटल्यात (१९६१) ट्रेनर यांनी सरकारी संस्थांना भरपाईच्या दाव्यांपासून मिळणारे जुने संरक्षण एका निकालात उडवले. विधिमंडळाने घाईने त्या निकालाला तात्पुरती स्थगिती देणारा कायदा केला आणि १९६३ साली नवी संहिता आणली : कायद्यात लिहिले असेल तरच सरकारी संस्था जबाबदार. घर पाडायचे न्यायालयाने, बांधायचे दुसऱ्यांनी.

लेथवाला :
ग्रीनमनमधला तांत्रिक पुरावा वाचल्याशिवाय वाद घालू नका. बहुउपयोगी सुतारकामाचे यंत्र, त्याला लेथची (लाकूड फिरवत ठेवून कोरणाऱ्या यंत्राची) जोडणी. लाकडाचा मोठा ठोकळा फिरताना निसटून माणसाच्या कपाळावर बसला. तज्ज्ञांनी दाखवले की भाग धरून ठेवणारे सेट स्क्रू अपुरे होते. नेहमीच्या थरथरीने टेलस्टॉक (ठोकळ्याचे एक टोक धरणारा भाग) मागे सरके आणि ठोकळ्याची पकड सुटे. म्हणजे दोष रचनेतच. त्या ठोकळ्यावर आधी काही वेळा काम निर्धोक झाले होते, म्हणून ‘वापरणाऱ्याने बघून घ्यायला हवे होते’ हे म्हणणे टिकत नाही.

कंपनीचा बचाव काय? हमी मोडल्याची लेखी सूचना साडेदहा महिन्यांनी आली, म्हणजे वाजवी मुदतीत नाही. ट्रेनर म्हणाले, ही जबाबदारी करारातून येतच नाही, कायदा ती लादतो. मग करारातली सूचनेची अट लागू कशी? ज्युरीने ठरवलेली ६५,००० डॉलर भरपाई कायम राहिली.

दुधारी :
मग सातत्याचे बोला. बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा चालेल, असे १९४२ साली गोन्झालेस खटल्यात लिहिणारे ट्रेनर. १९५५ साली कॅहान खटल्यात चालणार नाही म्हणणारेही ट्रेनर, तेही ४ विरुद्ध ३ मतांनी.

तळटीप :
कॅहानमध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी सट्टेवाल्यांच्या घरात चोरून मायक्रोफोन बसवले होते. मधल्या तेरा वर्षांत दुसरा कुठलाही उपाय पोलिसांना आवरू शकला नाही, हेच मत बदलण्याचे कारण त्यांनी निकालात दिले. १९६१ साली केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने मॅप खटल्यात तोच नियम सगळ्या राज्यांना लावला. पेरेझ खटल्याचेही तसेच : आंतरवंशीय विवाहावरची बंदी कॅलिफोर्नियात १९४८ साली गेली (तीही ४-३), देशभर १९६७ साली.

आणि ‘निवडून न आलेले’ हे अर्धेच खरे. तिथे राज्यपाल नेमतो, पण पुढे मतदार ‘ठेवा’ की ‘काढा’ ते सांगतात. १९८६ साली सरन्यायाधीश रोझ बर्ड आणि दोन सहकाऱ्यांना मतदारांनी घरी पाठवले.

दुधारी :
ठीक, ते मान्य. पण १९६८च्या टॉमस ड्रेयेज खटल्याचे समर्थन करून दाखवा. वीज कंपनीच्या टर्बाइनचे धातूचे झाकण बदलताना ते पडून रोटर (आतला फिरणारा भाग) बिघडला, दुरुस्ती सुमारे २५,००० डॉलर. ठेकेदाराशी झालेल्या करारात भरपाईचे कलम होते; ते कंपनीच्या स्वतःच्या मालाला लागू की फक्त इतरांच्या, हा वाद. ट्रेनर म्हणाले, शब्द स्पष्ट वाटले तरी पक्षांना काय म्हणायचे होते याचा बाहेरचा पुरावा आधी बघा. शब्दांना तो अर्थ पेलत असेल तर घ्या. परिणाम असा की स्वच्छ करारावरही साक्षी, उलटतपासणी, वर्षे. १९८८ साली केंद्रीय अपील न्यायालयाने ट्रायडंट सेंटर खटल्यात नियम पाळला, पण जाहीर नाराजी नोंदवून. आपल्याकडचे कायदे लेखी कराराविरुद्ध तोंडी पुरावा मुळात रोखतात आणि अपवाद मोजून देतात. तेच शहाणपणाचे.

लेथवाला :
करारांबाबत दुधारींशी सहमत. सदोष मालाबाबत मात्र आपल्या संसदेनेही ट्रेनर यांचीच दिशा धरली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ८४ : रचनेतला दोष, निर्मितीतला दोष, अपुऱ्या सूचना, यांपैकी काही सिद्ध झाले की उत्पादक जबाबदार. पण कलम ८७ विसरू नका : इजा झाली तेव्हा वस्तूत फेरफार किंवा गैरवापर झालेला असेल तर विक्रेत्याविरुद्धचा दावा अडतो. फेरफार आधीचा की नंतरचा हा वाद नको, म्हणून अपघातानंतर यंत्र उघडून ‘नीट’ करत बसू नका. आहे तसे ठेवा, स्क्रूसुद्धा फिरवू नका, फोटो काढा, पावती आणि माहितीपत्रक जपा. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे.